जुईच्या सातव्या वाढदिवसाची कॅसेट

१९९३ सालच्या डिसेंबरमधल्या एका रविवारी संध्याकाळी, नवीन पनवेलमधल्या सिडकोच्या एका फ्लॅटमध्ये जुई नावाच्या मुलीचा सातवा वाढदिवस साजरा झाला. औक्षण झालं, केक कापला गेला, टाळ्या वाजल्या. हे सगळं व्हिडिओवर आहे. जुई त्या खोलीत नव्हती. तिला कांजण्या आल्या होत्या आणि ती आतल्या खोलीत झोपून होती.

शूटिंग मी केलं होतं.

मी मूळचा वर्तमानपत्राचा फोटोग्राफर. मुंबईच्या एका सायंदैनिकात काही वर्षं काढली. ते बंद पडलं तेव्हा पनवेलला एसटी स्टँडजवळ स्टुडिओ टाकला. वर्तमानपत्रातून एक सवय बरोबर आली. फोटोखाली ओळ लिहायची तर नावं डावीकडून द्यायची, आणि जो फोटोत नाही त्याचं नाव द्यायचं नाही. आमचे वृत्तसंपादक यावर फार कडक होते. स्टुडिओत या नियमाचा उपयोग कमी झाला.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी लग्नांबरोबर मुलांच्या वाढदिवसांचंही व्हिडिओ शूटिंग सुरू झालं. त्याआधी वाढदिवस म्हणजे औक्षण, गोडाचं काहीतरी आणि फार तर आमच्याकडे येऊन एक फोटो. नवीन पनवेलच्या इमारती भरत गेल्या तशी ही पद्धत मागे पडली. वडील मंडळी मुंबईला नोकरीला, नाहीतर तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर. पार्टी संपत आली की ते डबा हातात घेऊन दारात उगवायचे आणि फ्रेमच्या कडेला उभे राहायचे. बाकी सगळं आईचं. फुगे, क्रेप कागदाच्या झालरी, मुलांचे खेळ, परतभेटी, केकचा आकार. एका विंगमध्ये आगगाडीचा केक झाला की पुढच्या महिन्यात शेजारच्या विंगमध्ये बाहुलीचा व्हायचा.

बाहेरच्यांना वाटतं, कॅमेरा चालू ठेवला की झालं. तसं नसतं. वाढदिवसाच्या कॅसेटला ठरलेला क्रम असे. आधी देव्हारा, मग केकवरचं नाव, मग आई मुलीची वेणी घालताना. ही वेणी आधीच घातलेली असे, आई नुसता कंगवा फिरवी. मग औक्षण, मेणबत्त्या, केक, पहिला घास, भेटवस्तूंचा ढीग आणि शेवटी कॅमेऱ्याकडे बघून दोन शब्द. मध्ये कुठे काही बिघडलं की टाळ्या वाजवणारे हात किंवा हलणारे फुगे दाखवायचे आणि पुढे जायचं. असे हात आणि फुगे मी प्रत्येक ठिकाणी जास्तीचे घेऊन ठेवत असे.

भेटवस्तूंचा ढीग छोटा दिसू नये म्हणून चकचकीत कागदात बांधलेली रिकामी खोकी माझ्या दुकानात कायम असत. ती बऱ्याच घरी जाऊन आली. एका बाईंनी तीन मजली केक केला होता, त्यातले खालचे दोन मजले थर्माकोलचे. सुरी कुठे लावायची ते मुलाला आठवडाभर शिकवलं होतं. आणखी एका घरी वाढदिवसाचा मुलगा सुरुवातीपासून शेवटपर्यंत रडला. आई म्हणाल्या, "मी हसतेय ते ठेवा, तो रडतोय ते काढा." त्याप्रमाणे केलं. त्या कॅसेटमध्ये मुलगा जवळजवळ नाही. त्यांना ती फार आवडली. जाऊबाईंसाठी दुसरी प्रत करून घेतली.

जुईच्या आईचं नाव वैशाली. नवरा मस्कतला एका कंपनीत सुपरवायझर. ती एका बालवाडीत शिकवायची आणि मुलीला घेऊन एकटी राहायची. मस्कतच्या कॅम्पमध्ये शुक्रवारी सुट्टी असे. कोणाच्या घरून कॅसेट आली की सगळी खोली बसून बघे आणि मग तुलना होत असे. हे तिनेच मला सांगितलं होतं. कॅसेटची दुसरी प्रत चिपळूणला सासऱ्यांकडे जायची. त्यांना घरात नाना म्हणत. सुनेने एकटीने राहावं हे नानांना पहिल्यापासून मान्य नव्हतं. "झेपत नसेल तर सांग, इथे घर मोकळं आहे," हे वाक्य त्यांच्या प्रत्येक पत्रात असे.

वाढदिवसाच्या दोन दिवस आधी ती दुकानात आली.

"जुईला कांजण्या आल्यात."

"मग पुढे ढकलू," मी म्हटलं.

"नाही जमणार. यांचे मित्र मंगळवारी मस्कतला निघालेत. कॅसेट त्यांच्याबरोबर गेली पाहिजे."

"मग चिठ्ठी द्या. मुलगी आजारी आहे म्हणून कळवा."

"कळवलं की नाना पुढच्या गाडीने येतील. एकटी राहतेस म्हणून पोरीची आबाळ झाली म्हणतील. आम्हा दोघींना घेऊनच जातील. माझी बालवाडी, जुईची शाळा, सगळं संपलं." थोडं थांबून ती म्हणाली, "गेल्या वर्षीचं शूटिंग आहे ना तुमच्याकडे? त्यात तिचा चेहरा आहे."

काय करायचं ते तिने ठरवूनच आणलं होतं.

इमारतीतली मुलं येणार नव्हती. समोरच्या दळवी वहिनींनी सगळ्या विंगला सावध केलं होतं. वैशालीकडे धुण्याभांड्यांना कोन गावातून हिराबाय येत असे. तिला जुईएवढी मुलगी होती, नंदा. हिराबायच्या वाड्यातल्या सगळ्या पोरांना आदल्या उन्हाळ्यात कांजण्या येऊन गेल्या होत्या. त्यामुळे भीती नव्हती. रविवारी दुपारी हिराबाय भाजीच्या टेम्पोतून पोरं घेऊन आली.

मी पोचलो तेव्हा पोरं भिंतीला लागून ओळीने बसली होती. प्रत्येकाच्या डोक्यावर कागदी टोपी. वाढदिवसाच्या घरात मुलं गप्प असलेली मी तेव्हाच पाहिली. तळोज्याच्या कारखान्यांचा वास येत होता म्हणून खिडक्या लावलेल्या होत्या. आतल्या खोलीच्या दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधला होता, आणि त्याच्याच वर क्रेप कागदाची झालर. नंदा मधोमध पाटावर होती. जुईसाठी शिवलेला पांढरा, झालरीचा फ्रॉक तिला बरोबर बसला होता. पाठीमागून बघितलं तर फरक कळत नव्हता.

औक्षणाचं तबक बघून हिराबाय पुढे आली.

"वैनी, केक कापा, गानी बोला. पन निरांजन नको. देवी आलेला घर हाय. आनि ओवालनी ज्याची त्यालाच करतान. दुसऱ्याच्या नावानी माज्या पोरीला ओवालू नका."

"अगं हिराबाय, खोटंखोटं आहे ते. नाटकात नाही का करत?"

"नाटकात निरांजन पेटवत नाय, वैनी."

"नाना पहिलं तेच बघतात," वैशाली म्हणाली. "दोन मिनिटांचं काम. ऐक माझं."

हिराबाय दाराशी जाऊन उभी राहिली.

माझ्या कॅमेऱ्यात चित्राबरोबर आवाजही भरला जाई. त्यामुळे नंदाला सगळ्यांनी जुई म्हणणं आवश्यक होतं. वैशालीने तालीम घेतली.

"तुझं नाव काय?"

"नंदा."

"आज नाही. आज काय?"

पोरं खुदखुदली. "जुई," नंदा म्हणाली.

"परत. तुझं नाव काय?"

"जुई."

तिसऱ्यांदा वैशालीने विचारण्याआधीच ती म्हणाली, "जुई."

मी हॅलोजन लावला. कॅमेरा तिच्या पाठीशी, आईचा चेहरा समोर. वैशालीने निरांजन उचललं आणि हाक मारली, "जुई, इकडे बघ बाळा."

"ओ," नंदा म्हणाली.

"ओ," आतल्या खोलीतून आवाज आला.

वैशाली तबक ठेवून आत गेली. दार उघडं होतं, बोलणं ऐकू आलं.

"तू ओ द्यायची नाहीस आज. गप्प पडून राहा."

"मग मला हाक का मारतेस?"

"तुला नाही मारत."

पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तसंच झालं. आधी जवळून, मग आतून, क्षणभर उशिराने. तिसऱ्यांदा वैशाली थांबली नाही. तिने ओवाळलं. ते दोन आवाज कॅसेटवर राहिले, कारण औक्षणाचं तेवढंच चित्रण धड आलं होतं.

मेणबत्त्या विझवताना वितळलेल्या मेणाचा थेंब नंदाच्या डाव्या हाताच्या करंगळीवर पडला. ती ओरडली नाही, फक्त हात मागे घेतला. तेवढा भाग मी नंतर काढून टाकला आणि तिथे फुगे घातले.

शेवटचे दोन शब्द उरले होते. पप्पांशी बोलणारा आवाज जुईचाच हवा होता. वैशाली आणि मी माईक घेऊन आत गेलो. दार लोटून घेतलं, बाहेरच्या खोलीतून आमच्यामागे कोणी आलं नाही. जुई गोधडीत होती, उशाखाली कडुनिंबाचा पाला. चेहऱ्यावर फोडांशिवाय जागा उरली नव्हती. ती छताकडे बघत होती.

"बोल राजा, पप्पांना सांग, खूप मजा आली."

"मी केक कापला?" जुईने विचारलं.

"हो. कापलास."

"बरं," ती म्हणाली. मग माईककडे तोंड करून स्पष्ट आवाजात बोलली, "पप्पा, खूप मजा आली. मी केक कापला."

बाहेर आलो तेव्हा नंदाने फ्रॉक उतरवून घडी करून पाटावर ठेवला होता. "चल गं नंदे," हिराबाय म्हणाली. नंदा हलली नाही. एका पोराने गंमत म्हणून हाक मारली, "ओ जुईताय, टेम्पो जातंय!" तशी ती वळली. पोरं खो खो हसली. त्या घरात त्या दिवशी खरं हसू तेवढंच झालं, आणि तेव्हा कॅमेरा बंद होता.

कॅसेट मंगळवारी गेली. तिच्यातल्या मुलीचा चेहरा जुईचाच, पण एक वर्षापूर्वीचा, शरीर नंदाचं, आवाज आतल्या खोलीतला. जोडकाम चांगलं झालं होतं. मस्कतहून दळवींच्या घरी फोन आला. कॅम्पमध्ये कॅसेट दोनदा लावली, सगळ्यांनी कौतुक केलं. वडिलांनी एवढंच विचारलं, "हाक मारल्यावर ती दोनदा ओ का देते?" खोलीत आवाज घुमतो, असं वैशालीने सांगितलं. नानांनी चिपळूणहून लिहिलं, "समारंभ छान झाला. मुलगी उंच झाली."

संक्रांतीच्या आठवडाभर आधी हिराबाय नंदाला घेऊन दुकानात आली.

"भाऊ, माजी पोर हाक ऐकत नाय."

"कानाला दाखवलं का?"

"कानाला कायबी नाय. नंदा बोलला का ऐकत नाय. जुई बोलला का पलत येते. शालेत बाई हजेरी घेते, ही गप. मारून बगितला. बापानी फराक आनला नवीन. नाय."

सात वर्षांच्या मुलीने झालरीच्या फ्रॉकसाठी हट्ट धरला, यात बातमी नाही. मी नंदाला स्टुलावर बसवलं आणि विचारलं, "वाढदिवसाच्या दिवशी काय काय झालं?"

"मी आत झोपले व्हते," ती म्हणाली. "अंगाला खाज सुटत व्हती. भायेर गानी चालली व्हती. मंग तुमी आलात नि माज्या तोंडासमोर ते काला धरला."

"काय काळं?"

तिने काउंटरवरच्या माईककडे बोट दाखवलं.

"आनि केक कोणी कापला?"

"भायेर एक पोर व्हती, तिनी."

आतल्या खोलीत माईक धरला तेव्हा तिथे मी, वैशाली आणि जुई असे तिघेच होतो. दुसऱ्या दिवशी मी नवीन पनवेलला गेलो. जुई बरी झाली होती, शाळेत जात होती. तिलाही तोच प्रश्न विचारला, वैशालीसमोर.

"मी पाटावर बसले होते," जुई म्हणाली. "सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या होत्या. फुंकर मारली तेव्हा माझ्या इथे भाजलं." तिने डावी करंगळी पुढे केली. करंगळीवर काही नव्हतं.

"कॅसेट बघून बघून तिला वाटायला लागलंय तसं," वैशाली घाईने म्हणाली.

मेणाचा थेंब कॅसेटवर नव्हता. तो मी काढला होता. हे मी तिला सांगितलं.

त्या रविवारनंतर दोघी मुलींची भेट झाली नव्हती, असं दोन्ही आयांनी वेगवेगळं विचारल्यावर सांगितलं. तिसऱ्या कोणाचा त्याला दुजोरा नाही. हिराबाय घरी करंगळीबद्दल बोलली असेल आणि ते कोणामार्फत तरी जुईपर्यंत गेलं असेल, हे शक्य आहे. माईकचं तसं नाही.

हिराबायने गावात उपाय विचारून आणला होता. "ज्या बाईनी नाव दिला तिनीच परत घ्याचा. त्योच पाट, त्योच फराक, तिच्या सोताच्या नावानी ओवालायचा. मंग तुमच्या पोरीला, तिच्या नावानी. मागल्या टायमाला जा व्हता ता समदा पायजे. भाऊंचा लाइट पन."

वैशाली तयार होईना. नाना संक्रांतीला येऊन राहिले होते आणि परत जायचं नाव काढत नव्हते. त्यांच्यासमोर हे केलं तर मुलगी आजारी होती हे कळणार, कॅसेट खोटी होती हे कळणार, आणि पुढचं ठरलेलं होतं. तिने हिराबायला दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा हिराबाय कामाला आलीच नाही, नंदाला एकटीला दाराशी बसवून निघून गेली. नंदाने बेल वाजवली नाही. शाळेतून जुई आली तेव्हा नाना दार उघडून पुन्हा आत आडवे झाले आणि दोघी उंबरठ्याच्या दोन बाजूंना बसून राहिल्या. वैशाली बालवाडीतून परतली ती हे बघूनच. त्याच संध्याकाळी ती दुकानात आली.

"रविवारी या," ती म्हणाली. "लाइट घेऊन."

रविवारी नाना बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. पाट मांडलेला, छोटा केक, फुगे थोडे. जुई आत होती. नंदाच्या अंगावर तो फ्रॉक बघून त्यांनी पेपर खाली घेतला.

"हा काय प्रकार?"

"हिराबायच्या नंदाचा वाढदिवस करतेय, नाना."

"कामवालीच्या पोरीचा? आपल्या घरात? आणि जुईचा फ्रॉक तिच्या अंगावर कसा?"

"मागल्या टायमाला पन तिच्याच अंगावर व्हता, नाना," हिराबाय म्हणाली.

नानांनी सुनेकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझा कॅमेरा चालू होता.

"तेव्हा जुईला कांजण्या होत्या," वैशाली म्हणाली. "मी तुम्हाला कळवलं नाही. आधी मला ओवाळू द्या. मग काय बोलायचं ते बोला."

तिने निरांजन पेटवलं आणि हाक मारली, "नंदा."

पाटावरची मुलगी गप्प होती.

"ओ," आतल्या खोलीतून आवाज आला.

वैशाली आतल्या दाराकडे वळली. हिराबाय हलक्या आवाजात म्हणाली, "थांबू नका, वैनी." वैशालीने नंदाच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा हाक मारली. "नंदा."

"ओ," नंदा म्हणाली. आतून काही आलं नाही.

तिने नंदाला ओवाळलं, केकचा घास भरवला. नंदाने तो गिळला आणि आईकडे वळून म्हणाली, "आये, घरा चल ना." हिराबाय तिथेच खाली बसून रडायला लागली. मग डोळे पुसून घाईघाईने फ्रॉकची बटणं सोडू लागली.

"जुई," वैशालीने आत हाक मारली. "ये बाळा. आता तू बस पाटावर."

नाना उठले. त्यांनी भिंतीजवळ जाऊन हॅलोजनचं बटण बंद केलं आणि सुनेच्या हातातलं तबक काढून घेतलं.

"पुरे झाली नाटकं. माझ्या आजारी नातीला आत कोंडून बाहेर सोहळा केलास. आता आणखी काय शिल्लक राहिलंय?"

"नाना, एकीचा झाला, दुसरीचा पन करा. अर्दा ठेवू नका," हिराबाय म्हणाली.

"तू घरी जा."

तबक त्यांनी देव्हाऱ्यापुढे नेऊन ठेवलं. जुई दारात आली होती, कडुनिंबाचा डहाळा होता त्याच दारात. ती पाटाकडे बघत होती. पाटावर कोणी नव्हतं.

ती कॅसेट मी दुकानात अनेकदा लावून पाहिली. पहिल्या हाकेला येणारा आवाज लांबचा आहे, दुसऱ्या हाकेला येणारा जवळचा. दोन्ही स्पष्ट आहेत.

मार्चमध्ये हिराबाय बाजारात भेटली. तिने ते काम सोडलं होतं. "नंदा बरी हाय," म्हणाली. "शालेत हजेरी देते." जुईबद्दल तिने विचारलं. मला काही माहीत नव्हतं.

मे महिन्यात वैशाली जुईला घेऊन स्टुडिओत आली. दोन दिवसांनी फ्लॅटला कुलूप लावून दोघी चिपळूणला जाणार होत्या. नाना बाहेर रिक्षात बसले होते. नव्या शाळेसाठी मुलीचे पासपोर्ट साइजचे फोटो हवे होते.

मी जुईला स्टुलावर बसवलं, दिवे लावले. ती मांडीवरच्या हातांकडे बघत होती.

"जुई, इकडे बघ," मी म्हटलं.

तिने मान वर केली नाही. मी पुन्हा हाक मारली, मोठ्याने. काही नाही.

वैशाली पडद्याशी उभी होती. तिने एकदा बाहेर रिक्षाकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "नंदा."

"ओ," म्हणून मुलीने कॅमेऱ्याकडे पाहिलं. मी फोटो घेतला.

फोटो दुसऱ्या दिवशी दिले. शाळेच्या नियमाप्रमाणे प्रत्येक फोटोच्या मागे मुलीचं नाव हवं होतं. ते वैशालीने काउंटरवर उभं राहून स्वतः लिहिलं. जुई.